गन कंट्रोलवर भांडायच्या आधी आकडे कसे बघायचे

दरवेळी तेच. अमेरिकेत कुठेतरी गोळीबार होतो, आमच्या न्यूजर्सीतल्या एडिसनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी हात जोडलेले इमोजी पडतात, तासाभरात कोणीतरी लिहितं की या लोकांच्या बंदुका काढून घ्या एकदाच्या, की लगेच टेक्सासला शिफ्ट झालेला मित्र शिकागोचं नाव काढतो, मग कोणाचे तरी पुण्याचे सासरे ऑस्ट्रेलियाचा ग्राफ फॉरवर्ड करतात आणि रात्री बारापर्यंत दोन जण ग्रुप सोडून गेलेले असतात. मी पण यात भरपूर भांडलोय, आणि दोन्ही बाजूंनी भांडलोय, २०१२ ला सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात २० पोरं गेली तेव्हा एका बाजूने आणि २०२० मध्ये घरी बसून नको तेवढं यूट्यूब बघितल्यावर दुसऱ्या बाजूने.

नंतर वाटलं आपण पोटापाण्यासाठी दिवसभर आकडेच बघतो, बँकेत रिस्कचं काम आहे, मग इथेच का नुसता घसा ताणतोय. तर बसलो. त्यातून जी पद्धत जमली ती लिहून ठेवतोय. फार हुशारी लागत नाही, लॅपटॉप, एक मोकळी दुपार आणि आपलं मत दोन तास बाजूला ठेवायची तयारी. शेवटचंच जरा जड जातं.

आधी प्रश्न फोडा

"कडक गन कंट्रोलने हिंसक गुन्हे कमी होतात का" हा प्रश्न आहे तसा सोडवायला घेतलात की फसलात. गन कंट्रोल हा काही एक कायदा नाही. दुकानातला बॅकग्राउंड चेक (गिऱ्हाइकाचा जुना रेकॉर्ड तपासणं) त्यात येतो, विकत घ्यायच्या आधीचा परवाना येतो, असॉल्ट रायफलवरची, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलवरची बंदी, घरात पोरं असतील तर बंदूक कुलपात ठेवायची सक्ती, बायकोला मारणाऱ्याकडून बंदूक काढून घेणं, असं सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं आहे, आणि यातलं एक चाललं म्हणून दुसरं चालेलच असं काही नाही.

"हिंसक गुन्हे" हा शब्द तर त्याहून घोळाचा. एफबीआयच्या हिशोबात त्यात चार प्रकार येतात, खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर मारहाण. २०१९ साल घ्या, कोविडच्या आधीचं, बऱ्यापैकी नॉर्मल. त्या वर्षी अमेरिकेत असे गुन्हे झाले १२ लाखांच्या आसपास आणि त्यात खून होते साधारण १६,४००. आता समजा उद्या एखादा जादूचा कायदा आला आणि खून चक्क पाव भागाने घटले. म्हणजे ४,१०० माणसं वाचली, केवढी मोठी गोष्ट. पण १२ लाखांच्या ग्राफमध्ये ही घट किती दिसणार? अर्धा टक्कासुद्धा नाही. रेष हलणारच नाही. आणि तोच ग्राफ दाखवून कोणीतरी म्हणणार, बघा, कायदा आणून काय उखाडलंत!

म्हणून पहिला नियम. कोणी ग्राफ दाखवला की विचारायचं, यात मोजलंय काय? सगळे हिंसक गुन्हे, सगळे खून, बंदुकीने झालेले खून, की बंदुकीने झालेले सगळे मृत्यू? चारही वेगळे आहेत आणि चारही एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरले जातात.

बरं, बंदुकीने नक्की काय बदलतं हे पण इथेच बघून घ्या. अमेरिकन माणूस बाकीच्या श्रीमंत देशांतल्या माणसापेक्षा जास्त मारामाऱ्या करतो असं फारसं दिसत नाही. फ्रँकलिन झिमरिंग नावाच्या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनची तुलना केली, लंडनमध्ये चोऱ्या-घरफोड्या कमी नव्हत्या, उलट जास्तच, पण असल्या चोऱ्यांमध्ये जीव गेलेली माणसं न्यूयॉर्कला पन्नास पटींहून जास्त. चोर दोन्हीकडे होते, इथल्या चोराच्या खिशात पिस्तूल होतं एवढाच फरक. यावर नेहमीचं उत्तर येतं की ज्याला मारायचंय तो सुरीनेही मारेल. ते तपासायला बोस्टनचा एक अभ्यास फार कामाचा आहे, २०१८ चा, ब्रागा आणि कुक यांचा. त्यांनी गोळ्या लागलेल्या लोकांच्या पोलिस फायली काढल्या आणि फक्त गोळीचा आकार बघितला. जागा त्याच, भांडणं तशीच, नेमपण साधारण तेवढाच चांगला किंवा वाईट, पण मोठ्या कॅलिबरची गोळी लागलेले जास्त मेले. त्यांच्या हिशोबाने सगळ्यांनी लहान कॅलिबर वापरलं असतं तर खून जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाले असते. म्हणजे हातातल्या हत्याराने फरक पडतो, मारणाऱ्याचा राग तेवढाच असला तरी.

माझं मत इथेच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशोब करता येईल. कायद्यांनी मारामाऱ्या आणि चोऱ्या कमी होतात याचा पुरावा मला फारसा सापडला नाही. काही ठराविक कायद्यांनी मरणारी माणसं कमी होतात याचा सापडला. आणि ज्या कायद्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो त्याचा परिणाम सगळ्यात बारीक आहे.

आत्महत्या वेगळ्या काढा

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. हा आकडा खरा आहे, सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा आहे, आणि ग्रुपवर तो नेहमी "गुन्हेगारी" म्हणून येतो. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. खून २०,९५८. अर्ध्याहून जास्त आकडा गुन्ह्यांचा नाहीच.

याचा अर्थ आत्महत्या मोजू नका असा अजिबात नाही, उलट कायद्यांचा परिणाम तिथेच जास्त साफ दिसतो, कारण बंदुकीने प्रयत्न केलेल्या दहापैकी नऊ जण वाचत नाहीत आणि औषधाच्या गोळ्या खाल्लेले बहुतेक वाचतात. पण वाद गुन्ह्यांचा असेल तर ही रक्कम वेगळ्या कॉलममध्ये. बंदूक मृत्यूंच्या यादीत मोंटाना, वायोमिंग वर दिसतात ते मुख्यतः आत्महत्यांमुळे, मिसिसिपी आणि लुइझियाना वर दिसतात ते खुनांमुळे पण. एकाच नकाशावर दोन वेगळे आजार एकाच लाल रंगात.

हे स्वतः करून बघायचं असेल तर सीडीसीची वंडर नावाची साइट आहे, फुकट. दिसायला १९९८ सालची वाटते पण काम करते. तिथे "अंडरलाइंग कॉज ऑफ डेथ" निवडा, अटींवर "आय ॲग्री" दाबा, मग एक लांबलचक फॉर्म येतो, घाबरू नका. वरच्या भागात ग्रुप बाय मध्ये स्टेट निवडा, त्याखाली इंज्युरी इंटेंट, म्हणजे खून की आत्महत्या ते. खाली मृत्यूच्या कारणांच्या भागात मेकॅनिझममध्ये फायरआर्म. आणि एज-ॲडजस्टेड रेटवर टिक करायला विसरू नका, नाहीतर म्हाताऱ्या लोकांचं राज्य आणि तरुणांचं राज्य एकाच मापाने मोजाल. सेंड दाबलं की टेबल येतं. २०२१ ला दर लाखामागे मिसिसिपी ३३.९ आणि मॅसॅच्युसेट्स ३.४, हे तुम्हाला दिसेल, आमचं न्यूजर्सी पाचच्या आसपास. हे बघून मी पहिल्यांदा खुर्चीतून उठलोच होतो, झालं, सिद्ध झालं, कडक कायदे तिथे कमी मृत्यू.

पण थांबा जरा. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदुका मुळातच कमी घरांत आहेत, पगार चांगले, हॉस्पिटलं जवळ. आणि जिथे लोकांकडे बंदुका कमी तिथे कडक कायदा पास करणं सोपं, विरोधच कमी. मग कायद्यामुळे बंदुका कमी की बंदुका कमी म्हणून कायदा? नुसता नकाशा बघून हे कळत नाही. व्हरमाँटला वर्षानुवर्षं ढिले कायदे होते आणि खून अगदी थोडे, त्याचं काय करणार? (तिकडे वंडरमध्ये खुनांचा आकडा बघायला गेलात तर "सप्रेस्ड" लिहून येतं बऱ्याचदा, दहापेक्षा कमी असले की ते दाखवतच नाहीत, आणि वीसपेक्षा कमी असले की रेटच्या जागी "अनरिलायबल". साडेसहा लाख वस्तीचं राज्य, दोन खून इकडेतिकडे झाले की टक्केवारी उड्या मारते. त्यामुळे व्हरमाँट कोणीही फेकलं, कुठल्याही बाजूने, तरी फार मनाला लावून घेऊ नका.)

कुठली बंदूक ते बघा

हा भाग छोटा आहे. एफबीआयचं खुनाच्या हत्यारांचं टेबल उघडा, २०१९ चं. एकूण १३,९२७ खून. (वर १६,४०० म्हटलं आणि इथे कमी, कारण हत्याराची माहिती सगळी पोलिस खाती पाठवत नाहीत. असं काही दिसलं की कोणी फसवतंय म्हणून लगेच ओरडायचं नाही, टेबलाखालची बारीक टीप वाचायची.) त्यात हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) ६,३६८, रायफल ३६४, सुरी-चाकू १,४७६, नुसत्या लाथाबुक्क्या ६००. बंदूक होती पण कुठली ते लिहिलेलं नाही असे ३,२८१.

असॉल्ट वेपन बंदी १९९४ ते २००४ दहा वर्षं देशभर होती आणि ती मुख्यतः एका प्रकारच्या रायफलींवर होती. आता वरचा ३६४ बघा. त्या माहीत नसलेल्या ३,२८१ मधल्या काही रायफली धरल्या तरी, सगळ्या रायफली गायब झाल्या तरी, एकूण खुनांवर कितीसा फरक पडेल? मोठ्या सामूहिक गोळीबारांचा प्रश्न वेगळा आहे, तिथे एकदम जास्त गोळ्या बसणाऱ्या मोठ्या मॅगझिनमुळे मेलेल्यांची संख्या वाढते असं म्हणायला जागा आहे. पण रोजचे खून हे पिस्तुलाचे खून आहेत, आणि पिस्तुलाबद्दल टीव्हीवर कोणी बोलत नाही.

शिकागो आलं की काय करायचं

शिकागो येणारच. "तिथे सगळ्यात कडक कायदे आणि सगळ्यात जास्त खून." याला तीन पायऱ्यांत हाताळायचं.

पहिलं, आकडा लोकसंख्येने भागा. शिकागोत २७ लाख माणसं राहतात, एकूण खून जास्तच दिसणार. दर लाखामागे काढलं तर मिसूरीतलं सेंट लुइस शिकागोच्या दुपटीच्या वर जातं, आणि मिसूरीचे कायदे देशातल्या सगळ्यात ढिल्या कायद्यांपैकी. न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस ही पण वर असतात.

दुसरं, बंदूक आली कुठून? शिकागो शहराने २०१७ ला पोलिसांनी पकडलेल्या बंदुकांचा माग काढून रिपोर्ट काढला होता, त्यात ६० टक्के बंदुका पहिल्यांदा विकल्या गेल्या त्या इलिनॉयच्या बाहेर, आणि एकट्या इंडियानातून २१ टक्के. इंडियाना म्हणजे काय लांब नाही, शिकागोतून गाडी काढली तर तासाभरात पोचतो माणूस. तिकडे कागदपत्रं साफ असलेला एखादा मित्र किंवा गर्लफ्रेंड दुकानात जाते, फॉर्म भरते, बंदूक घेते आणि दुसऱ्याच्या हातात देते. याला इथे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. न्यूयॉर्कचं पण तसंच, तिथे २०१६ च्या सरकारी रिपोर्टात गुन्ह्यातल्या बंदुकांपैकी ७४ टक्के बाहेरच्या राज्यांतून आलेल्या, बऱ्याच जॉर्जिया, व्हर्जिनियाकडून आय-९५ हायवेने वर.

हे आपल्याला नवीन वाटायला नको खरंतर. महाराष्ट्रात परवाना काढायचा म्हणजे चपला झिजतात, पण पुण्यात पोरांकडे गावठी कट्टे सापडतात ते बऱ्याचदा मध्यप्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीकडून आलेले असतात, चोपड्याच्या पलीकडे. भारतात सर्वसामान्य लोकांकडे ७ कोटींच्या वर बंदुका असाव्यात असा स्मॉल आर्म्स सर्व्हेचा २०१८ चा अंदाज आहे आणि त्यात नोंदलेल्या १ कोटीपण नाहीत. आमचे पुण्याचे सासरे मंडळी "इंडियात कसं बघा कडक आहे" म्हणतात तेव्हा हे हळूच सांगायचं. इकडे बंदूक कायदेशीर दुकानातून निघून वाकड्या वाटेने जाते, तिकडे बरीचशी वाकड्या वाटेवरच तयार होते, म्हणून इकडचं औषध तिकडे चालेल असं धरून चालू नका.

तिसरं, समोरच्याचा मुद्दा जिथे बरोबर आहे तिथे मान्य करा. २०१६ ला अमेरिकेच्या केंद्र सरकारने कैद्यांना विचारलं होतं की गुन्ह्याच्या वेळी जवळ असलेली बंदूक आणली कुठून, ४३ टक्क्यांनी सांगितलं रस्त्यावरून, काळ्या बाजारातून. दुकानातून घेतलेले १० टक्क्यांच्या आसपास, गन शोमधून, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनातून, १ टक्कासुद्धा नाही. म्हणजे नुसतं दुकानाच्या काउंटरवर पहारा बसवून भागणार नाही, हे खरंच आहे. पण ती रस्त्यावरची बंदूक पण कधीतरी कुठल्यातरी काउंटरवरूनच निघाली होती, तिला रस्त्यावर यायला किती त्रास पडतो हा खरा प्रश्न.

आधी-नंतरचा ग्राफ दिसला की शेजारी शोधा

ऑस्ट्रेलिया. २८ एप्रिल १९९६, पोर्ट आर्थरचा गोळीबार, ३५ माणसं मेली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड, तेही उजव्या पक्षाचे, त्यांनी काही महिन्यांत कायदे बदलले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेतल्या. ग्राफ बघितलात तर १९९६ नंतर बंदुकीचे मृत्यू खाली जातात. पण बोटाने १९९६ च्या आधीचा भाग झाकू नका, तो भागही खालीच येत होता. आणि बिनबंदुकीचे खूनपण त्याच काळात घटले, त्यांच्यावर तर बंदुकीच्या कायद्याने काही केलं नसणार. म्हणून खुनांबाबत श्रेय किती द्यायचं यावर अजून वाद चालू आहे, आत्महत्यांबाबत पुरावा जरा बरा आहे.

ब्रिटनचं उलटं. १९९६ ला डनब्लेनच्या शाळेत १६ पोरं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या, १९९७ ला पिस्तुलांवर बंदी आली, आणि बंदीविरोधी लोकं ग्राफ दाखवतात की त्यानंतर खून वाढत वाढत २००२-०३ ला शिखरावर गेले. खरंच गेले. पण त्या एका वर्षाच्या आकड्यात १७२ बळी हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरचे आहेत, ज्याने पेशंटना इंजेक्शन देऊन मारलं होतं, तेही आधीच्या कित्येक वर्षांत, फक्त चौकशीचा निकाल लागला म्हणून नोंद त्या वर्षात पडली. बंदुकीचा काही संबंधच नाही! हे कळल्यापासून कुठल्याही ग्राफमध्ये एकच उंच काडी दिसली की मी आधी त्या वर्षी काय झालं ते शोधतो.

नियम असा की नुसतं आधी-नंतर बघायचं नाही, शेजारी पण बघायचा. ज्याने कायदा केला नाही अशा शेजाऱ्याकडे त्याच वर्षांत काय झालं? तिथेही तेवढंच घटलं असेल तर कायद्याचं कौतुक कशाला.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्रेडी कायदा. १९९४ पासून लागू, परवानाधारक दुकानदाराने विकताना बॅकग्राउंड चेक करायचा. १८ राज्यांत असं काहीतरी आधीपासून होतंच, ३२ राज्यांना नव्याने करावं लागलं, म्हणजे तुलना आयती मिळाली. लुडविग आणि कुक या अभ्यासकांनी २००० साली हिशोब मांडला. खुनांमध्ये दोन्ही गटांत फरक नाही. फक्त ५५ च्या वरच्या लोकांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या घटल्या. आणि हा कुक म्हणजे तोच वरच्या बोस्टनवाल्या अभ्यासातला, बंदुकांचा चाहता वगैरे नाही, तरी आला तो निकाल छापला. असा माणूस दिसला की त्याच्या बाकीच्या कामावरचा माझा विश्वास वाढतो.

मग का नाही घटले खून? कारण चेक फक्त दुकानात. ओळखीतून, जाहिरातीतून खाजगी विक्री मोकळी. चोराला दारावर कडी आणि मागची खिडकी उघडी.

परवान्याची गोष्ट, जिथे मी मत बदललं

आमच्या न्यूजर्सीत नियम वेगळे आहेत. ऑफिसमधल्या एका मित्राला पिस्तूल घ्यायचं होतं, नेमबाजीचा शौक आहे त्याला, आणि रेफरन्स म्हणून त्याने माझं नाव दिलं. मला इमेल आला, लिंक उघडली तर प्रश्नावली. याला किती वर्षं ओळखता, दारूचा त्रास आहे का, कधी हिंसक वागलाय का, मनाच्या आजाराचं काही माहीत आहे का. मी चहा घेऊन बसलो होतो, तो गार झाला. कारण उत्तर देताना खरंच विचार करावा लागला, मागच्या वर्षी त्याचा घटस्फोट झाला होता आणि तो दोन महिने नीट बोलत नव्हता. भरलं शेवटी, चांगलंच भरलं, माणूस चांगला आहे. पण मी विचार केला ना. असे दोन रेफरन्स, शिवाय बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी बघायची परवानगी, मग एका परमिटवर एकच पिस्तूल आणि महिन्याला एकापेक्षा जास्त नाही. तो वैतागला होता, आठवडेच्या आठवडे गेले, आणि त्याचा वैताग मला पटतो. पण मला हेही दिसलं की दुसऱ्यासाठी बंदूक घेऊन द्यायला निघालेली गर्लफ्रेंड या रांगेत उभी राहणार नाही.

आता आकडे. कनेक्टिकटने १९९५ ला असाच खरेदीआधीचा परवाना आणला. मिसूरीत तो १९२१ पासून होता, शेरीफच्या ऑफिसात स्वतः जाऊन काढावा लागायचा, २००७ ला रद्द केला. एकीकडे लावला, दुसरीकडे काढला, यापेक्षा चांगला प्रयोग मिळणं कठीण. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी आधी काढलं की कनेक्टिकटमध्ये बंदुकीचे खून ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि हा आकडा आजही फिरतो. पण जास्त वर्षांचा डेटा घेऊन त्यांनीच २०२० मध्ये परत केलं तर तो २८ टक्क्यांवर आला. मिसूरीत परवाना काढल्यावर बंदुकीचे खून अंदाजापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त. आणि त्याच पेपरमध्ये मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनिया, जिथे तेव्हा परवाना नव्हता, फक्त चेकची व्याप्ती वाढवली होती, तिथे खुनांवर तसा फायदा दिसला नाही.

मला इथे दोन गोष्टी पटल्या. एक, फायदा नुसत्या चेकपेक्षा परवान्यात दिसतोय, म्हणजे माणसाला समोर यावं लागणं आणि थांबावं लागणं यात. दोन, ४० चा २८ झाला म्हणजे हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, बाकीच्या राज्यांचे आकडे मिसळून बनवलेली नकली शेजारी राज्यं वापरून काढलेले अंदाज आहेत, वर्षं बदलली की सरकतात. ४७ पण कधीतरी सरकेल. दिशा धरा, दशांश सोडून द्या.

दुसऱ्या बाजूचे आकडेपण तसेच उघडा

"वर्षाला २५ लाख अमेरिकन बंदुकीने स्वतःचा बचाव करतात." हा नव्वदच्या दशकातल्या एका फोन सर्व्हेतून आलाय. सुमारे ५,००० लोकांना विचारलं, एक टक्क्याच्या आसपास लोकं हो म्हणाली, त्याला सगळ्या देशाच्या प्रौढ लोकसंख्येने गुणलं. अडचण काय, शंभरात एक माणूस जरी चुकून, फुशारकीने किंवा तारखेच्या गोंधळाने हो म्हणाला तरी आकडा २० लाखांनी फुगतो. डेव्हिड हेमेनवे या अभ्यासकाने दाखवून दिलं होतं की अशाच पोलमध्ये परग्रहावरच्या लोकांशी भेट झाली असं सांगणारेही साधारण अर्धा टक्का निघतात. सरकारच्या मोठ्या सर्व्हेत, जिथे आधी गुन्ह्याबद्दल विचारतात आणि मग बचावाबद्दल, तिथे हा आकडा हजारांत येतो, साठ-सत्तर हजाराच्या घरात. शून्य नाही, लक्षात घ्या. लोकं खरंच वाचतात बंदुकीने. पण २५ लाख नाही.

तसंच "जास्त बंदुका, कमी गुन्हे" वालं. जॉन लॉट या अर्थतज्ज्ञाने ते १९९० च्या दशकात मांडलं, २००४ ला नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने तपासून सांगितलं की या डेटातून ना हे सिद्ध होतं ना ते. पुढे डोनोह्यू आणि मंडळींनी २०१९ ला काढलं की बंदूक बाळगायचा, म्हणजे जवळ घेऊन बाहेर फिरायचा परवाना सहज देणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी जास्त.

बाकी खड्डे भराभर सांगतो. "मास शूटिंग" म्हटलं की व्याख्या विचारा, चार जणांना गोळी लागली की चार मेले? पहिल्या मापाने २०२० ते २०२३ मध्ये वर्षाला सहाशेच्या वर गेली, दुसऱ्या मापाने दोन-तीन डझन. "मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक" यात बऱ्याचदा १८-१९ वर्षांचे पण मुलं असतात आणि एक वर्षाखालची बाळं नसतात. २०२१ चा एफबीआयचा राष्ट्रीय आकडा दिसला तर जपून, त्या वर्षी मोजायची पद्धत बदलली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांच्या पोलिसांचे आकडेच आले नाहीत, त्या वर्षासाठी सीडीसी वापरा.

एवढं सगळं स्वतः करायला वेळ नसेल तर रँड या अमेरिकन संशोधन संस्थेचं टेबल उघडा, गन पॉलिसीवरचं. उभं कायदे, आडवं परिणाम, आणि प्रत्येक चौकोनात पुरावा किती पक्का ते लिहिलंय. पहिल्यांदा बघाल तर निराश व्हाल, बहुतेक चौकोनांत "नक्की सांगता येत नाही" एवढंच. ज्यात ठाम आहे त्यात एक म्हणजे मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून कुलपात ठेवायचे कायदे, त्याने पोरांचे मृत्यू घटतात. दुसरं "स्टँड युवर ग्राउंड" कायदे, म्हणजे मागे न हटता गोळी घालायची मुभा, त्याने खून वाढतात. (कुलपाचं वाचल्यापासून मी लेकीला कोणाकडे खेळायला पाठवताना विचारतो, घरात बंदूक आहे का आणि असली तर कुठे ठेवता. पहिल्यांदा जीभ जड झाली होती, आता कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हं, याच्याच रांगेत विचारून टाकतो. आजवर कोणी चिडलं नाही, दोघांनी तर तिजोरी दाखवली.)

आता चालू परीक्षा

जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ब्रूएन निकाल दिला आणि न्यूयॉर्कची "बाळगायला खास कारण दाखवा" ही अट उडाली, तिच्याबरोबर आमच्या न्यूजर्सीची पण. तेव्हापासून इकडे बाळगायचे परवाने धडाधड वाढलेत. आणि २०२३ ला देशभर खून साडेअकरा टक्क्यांच्या आसपास घटले, २०२४ ला अजून १५ टक्क्यांच्या आसपास. टेक्सासवाल्या मित्राने लगेच टाकलंच, बघा, परवाने वाढले, खून घटले.

मी एवढंच लिहिलं की पेनसिल्व्हेनियाचं बघ. तिथे बाळगायचा परवाना कित्येक वर्षांपासून सहज मिळतो, २०२२ मध्ये काही बदललं नाही, आणि फिलाडेल्फियात खून कसे धपकन खाली आले ते काढ. आणि २०२० मध्ये देशभर जवळपास ३० टक्क्यांनी वाढले होते, तेव्हा पण एकाच वेळी सगळीकडे, कडक राज्यांत पण आणि ढिल्या राज्यांत पण, मग जे एवढ्या वर गेलं ते खाली येतानाचं श्रेय एका निकालाला कसं देणार. त्याने विचारलं, मग कधी कळणार? मी म्हटलं अजून पाचसहा वर्षं तरी थांब, आणि तोवर दरवर्षी जानेवारीत येणारे आकडे तात्पुरते असतात, पक्के काही महिन्यांनी येतात, ते आल्यावर परत बघू. त्याने अंगठा टाकला. ग्रुप कोणी सोडला नाही त्या दिवशी.